मुरलेला बर्गर: हॅम्बर्ग ते खोपट, व्हाया शिळफाटा

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण हे आई वाचणार आहे आणि आईनंतर दोन मावश्या. परदेशात मी जे बर्गर खाल्ले ते कशाचे होते, हे मी विचारलं नाही. तुम्हीही मला विचारू नका. चला पुढे.

ऑफिसने मला ट्रेनिंगसाठी हॅम्बर्गला पाठवलेलं. हो, तेच हॅम्बर्ग, ज्याच्यावरून हॅम्बर्गर! मध्ये एक वीकेंड डेन्मार्कला जाऊन आले आणि येताना इस्तंबूलला थांबले. आता जो तो विचारतोय, चर्च बघितलीस का, म्युझियम बघितलंस का. थोडं बघितलं. पण खरं सांगायचं तर मी जिथे गेले तिथे फक्त बर्गर खाल्ले, आणि तेही हौस म्हणून नाही. मेलरॉयने काम दिलेलं.

मेलरॉय म्हणजे मेल्या. माझा बालवाडीपासूनचा मित्र. आम्ही दोघं ठाण्यात खोपटला एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो, एसटी डेपोच्या मागे, तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. दहावीनंतर आम्ही डोंबिवलीला आलो. ते लोक तिथेच राहिले. त्याचे डॅडी, बेनी अंकल, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आणि आई, फिलू आँटी, दवाखान्यात नर्स होती. ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील.

फिलू आँटीचा बर्गर! बापरे, कसं सांगू? बेकरीचा गोल बन. त्यात खिम्याची वडी, बाटली मसाला घातलेली. (हा त्यांच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चन लोकांचा मसाला, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरतात, आँटीच्या किचनमध्ये वरच्या फळीवर रांगच असायची.) वडीला अंडं आणि रवा. वर व्हिनेगरमधला कांदा, कोबीचं एक पान, टोमॅटो सॉस. एवढंच. शाळेत मेल्याच्या डब्यात दोन असायचे, एक त्याचा, एक माझा. बदल्यात त्याला माझी पोळीभाजी मिळायची आणि तो ती आनंदाने खायचा, वेडा. आम्ही सीकेपी, खाण्याबाबत आमच्या घरात सगळ्यांना मतं असतात, तरी माझी आईसुद्धा म्हणायची, "फिलूच्या हाताला काहीतरी आहे गं."

तर या मेल्याने नोकरी सोडून डोंबिवली ईस्टला एक छोटा गाळा घेतलाय. ठाण्यात परवडत नाही, विषय संपला. बर्गरचं दुकान काढायचं, आईच्या नावाने. बोर्डही रंगवून आणला, 'फिलूचा बर्गर', लाल अक्षरं, पिवळं बॅकग्राउंड. आणि बेनी अंकल म्हणाले, "नाव तिचा लावतोस तर चव तिची पायजे. नायतर तुजा नाव लाव."

तेवढंच म्हणाले. नंतर मेल्याने घरी किती वेळा बर्गर करून दिला! अंकल दरवेळी एक घास खायचे, "बरा हाय" म्हणायचे आणि ताट बाजूला सरकवायचे. बोर्ड गाळ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून दाराच्या मागे उभा.

मी निघताना मेल्या एअरपोर्टवर सोडायला आलेला. म्हणाला, "तू जिकडे जाशील तिकडे बर्गर खा आणि मला सांग माझ्यात काय कमी आहे."

"तुझ्यात की बर्गरमध्ये?"

"चूप. सिरियसली सांगतोय, सायली."

त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. मसाला तोच होता, शेवटच्या बाटलीतला. बेकरी तीच. वडी तर मी स्वतः खाऊन बघितलेली, तीच चव. तरी काहीतरी नव्हतं.

हॅम्बर्ग

मला वाटलेलं, इथे गल्लोगल्ली बर्गरच्या गाड्या असतील, आपल्याकडे वडापावच्या असतात तशा. कसलं काय! पहिल्या संध्याकाळी एका पॉश ठिकाणी गेले. बर्गर आला तो एवढा उंच की वरून लाकडी काडी खुपसलेली, नाहीतर कोसळेल. बन भाजलेला, कडा कुरकुरीत, पानं कुरकुरीत, कांदा कुरकुरीत, सगळंच कुरकुरीत. आणि आजूबाजूचे लोक काटा-सुरीने खात होते! मी हाताने उचलला तर अर्धा बर्गर माझ्या ड्रेसवर. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी न बोलता त्यांचे टिश्यू माझ्याकडे सरकवले. एक नाही, अख्खा गठ्ठा.

चव? एकदम भारी. पण प्रत्येक गोष्टीची वेगवेगळी. बनची बनजवळ, मटणाची मटणाजवळ. मावशी, विचारू नकोस म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या उटेला हे सांगितलं. उटे म्हणजे माझी ट्रेनर, पन्नाशीची, कडक, पण खाण्याचा विषय निघाला की वितळणारी. म्हणाली, "तो टुरिस्टांचा. चल, मी तुला आमचा दाखवते." आणि मला बंदरावर घेऊन गेली. एल्बे नदी, राखाडी पाणी, मोठमोठ्या बोटी, आणि असा वारा की माझी ओढणी जवळजवळ जहाजात बसून निघाली. तिथल्या टपरीवर तिने दोन पाव घेतले, आत एक जाड वडी आणि मोहरीची चटणी. मी चावले आणि थांबले. गार!

"उटे, हे गार आहे."

"मग? गारच खातात."

"गरम करून नाही देत?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी श्रीखंड गरम करून मागितलंय.

पण खरं सांगू? ती गार वडी चांगली होती. कांदा, मिरी, आणि रात्रभर मुरल्यासारखी. पाव मात्र दगड, वरचं कवच चावताना टाळू सोलला. उटे म्हणाली, तिची आई शाळेत हेच द्यायची, कागदात गुंडाळून, आणि कागद उघडला की मोहरीचा वास वर्गभर. मी म्हटलं, माझ्या मित्राची आईपण द्यायची. मग आम्ही दोघी बोटी बघत बसलो. उटेने विचारलं, "तिचा कसा होता?" मी इंग्रजीत सांगायला गेले आणि मला एकच शब्द आठवला, सॉफ्ट. बाकी काही सांगताच येईना.

रात्री मेल्याला व्हॉइस नोट टाकली, वडी आदल्या दिवशी करून बघ. त्याचं उत्तर आलं, "केली. डॅडी बोलले बरा हाय." आणि एक रडका इमोजी.

डेन्मार्क

इथल्या बर्गरचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं बोलायचं, एवढं कळलंय. ऑर्डर दिल्यावर प्लेट आली आणि मला बर्गर दिसेचना. वरून तपकिरी रस्सा ओतलेला, पूर्ण! वर तळलेला कांदा, काकडीचं लोणचं. म्हणजे आपल्याकडे मिसळीत पाव बुडवतात, तसा यांनी अख्खा बर्गरच बुडवलेला. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हातात कसा धरायचा? ती हसली, "धरायचा नसतो. बाहेर बघितलंस ना किती थंडी आहे?"

ते मला पटलं. थंडीत रश्शाला तोड नाही. पाव रसरशीत झालेला, आणि पहिल्यांदा मला वाटलं, अरे, जवळ आलो आपण! पण अर्ध्यावर पाव विरघळून गेला, शेवटी मी चमच्याने पेज खाल्ल्यासारखं ते खाल्लं. तिथून परतताना बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून झोपले आणि स्वप्नात आमच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा वाजली. शपथ.

इस्तंबूल

इथे तर मजाच आली. मोठ्या चौकाच्या कडेला ओळीने दुकानं आणि प्रत्येकाच्या पुढे एक काचेची पेटी, आतून वाफेने पांढरी झालेली. त्या पेटीत छोटे छोटे बर्गर एकावर एक रचून ठेवलेले, लसूण-टोमॅटोच्या लाल रसात भिजवलेले, घामाघूम! दुकानदार काका, मिशी अशी की त्यावर दोन चिमण्या बसतील. मी एक बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे बघून दोन दिले. मी म्हटलं एकच. ते म्हणाले, "वन, नो. टू." त्यांना माहीत होतं.

फुटपाथवर उभी राहून कागद उघडला. बनची वरची पातळ साल बोटांना चिकटली. आतला पाव ओला, पण फाटत नव्हता. पाव कुठे संपतो आणि खिमा कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. आणि मी, इतक्या लांब, सगळी गर्दी जातेय, ट्रामची टिणटिण चाललीये, आणि मी शाळेच्या मागच्या पायरीवर बसलेली, मांडीवर दप्तर, मेल्या माझ्या पोळीचा रोल करून खातोय. बोटांना चिकटणारी बनची साल! ती मी दाताने काढून खायचे. हे मी विसरूनच गेलेले.

मसाला पूर्ण वेगळा होता हां. पण हाताला तेच लागत होतं.

लगेच फोन लावला. "मेल्या, वाफ! वाफ आहे त्यात!"

"काय बोलतेस, हळू बोल. कोण वाफ?"

"बर्गर वाफवायचा!"

मागून काका ओरडले, मी पैसे न देताच फुटपाथवर लांब निघून गेलेले. सॉरी काका. दिले.

डोंबिवली

परत आल्यावर झोप वगैरे बाजूला. वाफवायला भांडं पाहिजे, आणि माझ्या डोक्यात जगातलं सगळ्यात हुशार उत्तर आलं. गणपती नुकतेच होऊन गेलेले, मोदकपात्र अजून ओट्यावरच होतं. आई भाजी आणायला गेलेली. मी ते उचललं आणि थेट गाळ्यावर.

मेल्याने बर्गर वाफवले, त्यातला एक स्कूटरवर तसाच ठाण्याला नेऊन अंकलना दिला. अंकलनी दोन बोटांनी उचलला, तो मधोमध लोंबला. म्हणाले, "हा बर्गर नाय रं. हा घावन हाय."

इकडे घरी आईने, मी गुपचूप परत ठेवलेल्या मोदकपात्राचं झाकण उघडून वास घेतला.

"सायली."

आईने अशी नुसती नावाने हाक मारली की मी दहा वर्षांची होते.

"बाप्पाचं मोदकपात्र? खिम्याला?"

"आई, पाव होता गं फक्त…"

"आता हे तुझ्या रुखवतात ठेवते. तुझ्या सासरी काय वाफवायचं ते वाफव."

मग गॅसकडे वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "फिलूकडे नव्हतं कसलं पात्र-बित्र. सकाळी सहाच्या आत तिघांचे डबे भरून ती ड्यूटीला जायची. जिन्यात भेटायची मला, चपला हातात, तुमची झोप मोडू नये म्हणून."

मी ऐकलं. पण तेव्हा डोक्यात शिरलं नाही. असंच असतं माझं.

पुन्हा ठाणे

नवरात्रातला रविवार. मेल्या म्हणाला, "लास्ट ट्राय. आज नाही जमलं तर बोर्डावर माझं नाव टाकतो." हे तो हसत बोलला, पण बोर्डाकडे बघत नव्हता. दसऱ्यानंतर दुकान उघडायचं ठरलेलं. (नवरात्रात डोंबिवलीत नॉनव्हेजचं दुकान उघडायचा विचार त्याने केलेला, मी वेळेत थांबवलं.)

प्लॅन असा की वड्या वेगळ्या, बन वेगळे, कांदा वेगळा न्यायचा आणि ठाण्याला पोचल्यावर सगळं ताजं-ताजं जोडायचं. पण मेगाब्लॉक! आणि स्कूटर पंक्चर. रिक्षा दारात हॉर्न मारतेय, आणि गाळ्यात डबा शोधायला गेलो तर एकच, आँटीचा जुना चपटा स्टीलचा डबा, ज्यात मेल्याने स्क्रू ठेवलेले. स्क्रू ओतले, डबा धुतला, आणि मी गरम वड्या बनमध्ये घालून, कांदा-कोबी-सॉस सगळं लावून, चार बर्गर दाबून बसवले आणि झाकण लावलं. वर नॅपकिनची गाठ.

मेल्या किंचाळला, "जोडलेस कशाला? ओले होतील ना सगळे!"

"मग मांडीवर घेऊन बसू का सुटे?"

"तू ना, जर्मनीतच राहायचं होतंस."

शिळफाट्याला जे अडकलो ते अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. माणकोलीच्या पुलावरून का नाही गेलात, असं मला कमेंटमध्ये कोणी विचारू नका, रिक्षावाल्याने ऐकलं नाही. ऑक्टोबरचं ऊन. डबा माझ्या मांडीवर, नॅपकिनमधून गरम लागत होता, मग कोमट. मेल्या तोंड फिरवून बसलेला. मुंब्रा बायपासला एकदाच बोलला, "परत जाऊया का?" मी नाही म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

कळव्याचा पूल ओलांडून कोर्ट नाक्याला आलो तर पुढे रस्ता बंद, टेंभी नाक्यावर देवीची गर्दी. उतरलो, चालत निघालो. आणि काय सांगू, सगळं तसंच! दिवसाही लागलेले लाइट, पाळणे, बांगड्यांच्या गाड्या. लहानपणी आम्ही नऊच्या नऊ दिवस इथे असायचो, फिलू आँटी देवीची ओटी भरायला माझ्या आईबरोबर यायची आणि गर्दीत मेल्याला शर्टाच्या कॉलरला धरून चालवायची. आज गर्दीत मेल्याने आपोआप स्वतःची कॉलर नीट केली. मी बघितलं.

खोपटच्या घरी अंकल खिडकीशी बसलेले, डेपोकडे तोंड करून. "ये गो, फॉरेनवाली. वजन वाढला तुजा."

"अंकल!"

"डॅडी, खराब झालाय आज," मेल्या आधीच म्हणाला. "सगळा ओला झालाय. राहू दे, मी परत करतो."

"आण इकडे."

अंकलनी डबा घेतला. टेबलावर नाही ठेवला, मांडीवर ठेवला. गाठ सोडून नॅपकिन गुडघ्यांवर पसरला. झाकण उघडलं, झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळले, आणि खोलीत वास आला. व्हिनेगर, बाटली मसाला, कोमट पाव, स्टील. मधल्या सुट्टीचा वास! मेल्याने माझ्याकडे बघितलं. त्यालाही आलेला.

अंकलनी एक घास घेतला. चावला. ताट सरकवायची वेळ झाली, पण ताट नव्हतंच. दुसरा घास. तिसरा. खिडकीबाहेर एक गाडी रिव्हर्स घेत होती, तिकडे बघत बघत पूर्ण संपवला. मग दुसरा उचलला.

"डॅडी?"

"मुरबाडला गाडी लावायचो ना," अंकल म्हणाले, "स्टेअरिंगवर डबा ठेवून खायचो. बाराला, कदी एकला. मी हा घरी कवा खाल्लाच नाय रं."

आम्ही दोघं एकदम एकमेकांकडे वळलो. आम्हीही नाही! कोणीच नाही! रविवारी आँटीकडे नेहमी दुसरंच काहीतरी असायचं. बर्गर म्हणजे डबा, पहाटे भरलेला, आणि आम्ही तो चार-पाच तासांनी उघडायचो. तव्यावरून उतरलेला फिलू आँटीचा बर्गर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता, आणि मेल्या इतके महिने तोच करत होता! मी काचेच्या पेट्या शोधत जग फिरले, आणि हवं होतं ते बंद डबा, गरम वडी आणि थोडा उशीर. पाव बुडवायचा नाही, वाफवायचाही नाही, त्याला आणि वडीला एका डब्यात मुरू द्यायचं, लोणचं मुरतं तसं. मला कोणी विचारलं ना ग्रेट बर्गर म्हणजे काय, तर मी आता हेच सांगणार. ताजेपणाचं कौतुक बाकीच्यांना करू दे.

"तू घे गो एक," अंकल म्हणाले.

"अंकल, नवरात्र आहे."

"मंग वास घे."

घेतला. पोटभर.

दुसरा संपल्यावर अंकल उठले. उरलेले दोन त्यांनी मेल्याच्या पुढ्यात ताटलीत ठेवले, डबा धुतला, पुसला, चपला घातल्या आणि डबा घेऊन काही न बोलता खाली उतरले. मेल्या घाबरला. "चिडले काय?" मी म्हटलं, माहीत नाही. आम्ही खिडकीतून बघत होतो, ते डेपोच्या गेटकडे गेले आणि झाडाखाली दिसेनासे झाले.

एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. अंकल गाडीवरून डबा कधी रिकामा आणायचे नाहीत. उन्हाळ्यात करवंदं, थंडीत बोरं, पाऊस संपला की उकडलेल्या शेंगा. ज्याने डबा भरून दिला, त्याला रिकामा परत द्यायचा नाही. संध्याकाळी आँटी दारातच झाकण उघडून बघायची, आणि आम्ही पोरं तिच्या हाताखालून हात घालायचो.

अंकल परत आले, जिना चढून थोडे धापत. डबा मेल्याच्या हातात दिला. गरम होता, मेल्याने हात बदलला. झाकण उघडलं तर उकडलेल्या शेंगा, अगदी काठोकाठ.

मेल्या तसाच उभा. शेंग उचलेना, झाकण लावेना.

"ह्या चालतात ना गो तुना?" अंकलनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनीच मूठभर काढून माझ्या ओंजळीत दिल्या. मग खुर्चीत बसले, खिडकीकडे वळले आणि मेल्याला म्हणाले,

"बोर्ड सरळ लाव. तुज्या आयला वाकडा चालायचा नाय."